गिनी कोंबडीला दाणा घालावा लागतो का?

गिनी कोंबडी पाळायचं मनात आलेला माणूस पहिल्यांदा हेच विचारतो. "ही आपलं आपण चरून खाते म्हणतात. मग दाणा घालावा लागतो का?" पक्षी विकणारे सांगतात, खाद्याचा खर्च जवळपास नाहीच. ज्यांनी एकदा पिल्लं आणून पाहिली ते मात्र मान हलवतात. वीस आणली होती, आठ दिवसांत चार उरली, फार नाजूक जात आहे, असं त्यांचं म्हणणं.

दोघंही खरंच बोलतात. विकणारा मोठ्या पक्ष्याविषयी सांगत असतो आणि हात पोळलेला पिल्लाविषयी. तीन महिन्यांची गिनी कोंबडी पाळणाऱ्याकडे फारसं काही मागत नाही, पण तीन दिवसांच्या तिच्या पिल्लाला सगळंच लागतं: ऊब, कोरडी जागा आणि कोंबडीच्या पिल्लापेक्षा कसदार खाणं. मोठेपणी दाण्याचे पैसे वाचवायचे असतील तर पहिल्या सहा आठवड्यांत हात आखडता घेऊन चालत नाही. म्हणून हे प्रकरण त्या सहा आठवड्यांवर जास्त रेंगाळणार आहे.

१. हा पक्षी मुळात खातो काय?

गिनी कोंबडी, म्हणजेच बाजारातली गिनी फाऊल, मूळची आफ्रिकेची. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला पसरलेल्या गवताळ, विरळ झाडांच्या प्रदेशात ती आजही रानात थव्याने हिंडते. डोक्यावर हाडाचा तुरा, काळपट अंगावर पांढरे ठिपके. सकाळी उजाडलं की थवा झाडावरून उतरतो आणि दिवसभर चालत चालत खातो. एका जागी बसून पोट भरणं तिच्या स्वभावातच नाही.

रानातलं तिचं खाणं ऋतूप्रमाणे बदलतं. पावसाळ्यात टोळ, नाकतोडे, भुंगे, मुंग्या, वाळवी, अळ्या. पाऊस सरला की गवताचं बी आणि कापणीनंतर शेतात सांडलेले दाणे. जमीन कोरडी पडली की ती चोचीने उकरून कंद काढते. दक्षिण आफ्रिकेत तिच्या खाण्यात लव्हाळ्याच्या जातीच्या तणांच्या कंदांचा मोठा वाटा असतो. आपल्या शेतकऱ्याला लव्हाळा किती छळतो हे सांगायला नको. गिनी कोंबड्या पाळल्या की लव्हाळा संपेल असा याचा अर्थ नाही, पण हा पक्षी रानात कशावर तगतो ते यावरून समजतं.

आपल्याकडे उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तिथे या पक्ष्याच्या कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी अशा जाती निवडीने तयार केल्या आहेत. रंग वेगळे असले तरी खाण्याची रीत तिघींची एकच.

२. मोठ्या पक्ष्याचं चरणं

गिनी कोंबडी कोंबडीइतकं पायाने उकरत नाही, मुख्यतः चोचीने टिपत चालते. त्यामुळे परसातल्या वाफ्यांची नासधूस कमी होते. कमी म्हणजे अजिबात नाही असं नव्हे. मेथी-पालकाचे कोवळे कोंब, नुकतंच उगवलेलं रोप तिला आवडतं. झाडं चांगली वर आली की तिला बागेत सोडायला हरकत नाही.

गोचीड खाणारी म्हणून या पक्ष्याचं जगभर नाव झालं, त्यामागे अमेरिकेतला एक अभ्यास आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर हरणांच्या अंगावरच्या गोचिडांमुळे लाइम नावाचा आजार पसरत होता. ज्या हिरवळींवर गिनी कोंबड्या चरल्या तिथे मोठे गोचीड कमी झाले, असं 1992 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं. पुढच्या अभ्यासात मात्र असं आढळलं की मोठे गोचीड घटले तरी त्यांची बारीक, अर्धवट वाढीची अवस्था फारशी घटली नाही. खसखशीएवढा जीव पक्ष्याच्या नजरेतून सुटतो.

ही गोष्ट आपल्याकडेही लक्षात ठेवावी लागेल. सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागात 2016 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले. हा आजार 1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, आणि तो माणसात येतो तो मुख्यतः गोचिडांच्या याच बारीक अवस्थेकडून. तेव्हा दारात गिनी कोंबड्या आहेत म्हणून त्या भागात कोणी निर्धास्त राहू नये. गोठ्याभोवतीचे मोठे गोचीड त्या टिपतील, तेवढीच अपेक्षा ठेवावी.

आता दाण्याचा हिशेब. पूर्ण कोंडून ठेवलेला मोठा पक्षी दिवसाला 100 ग्रॅमच्या आसपास खाद्य खातो. मोकळा सोडला तर पावसाळ्यात आणि सुगीनंतरच्या दिवसांत संध्याकाळची एक मूठ धान्य पुरतं. एप्रिल-मे महिन्यांत मात्र विदर्भ-मराठवाड्याच्या उघड्या रानात किडा नसतो आणि गवताला बीही नसतं. तेव्हा मोकळ्या पक्ष्यालाही निम्म्याहून जास्त खाणं घरून द्यावं लागतं, आणि सावलीत पाणी दिवसभर ठेवावं लागतं. "आपलं आपण खाते" हे वाक्य बारमाही लागू नाही.

३. पिल्लाला इतकी प्रथिनं कशाला?

अंड्यातून निघालेलं गिनीचं पिल्लू साधारण 25 ग्रॅमचं असतं. चांगलं सांभाळलं तर आठ आठवड्यांनी त्याचं वजन 500 ते 550 ग्रॅम भरतं. म्हणजे दोन महिन्यांत ते वीसपट होतं. याच काळात अंगावरची लव जाऊन पिसं येतात, आणि पिसं जवळजवळ पूर्ण प्रथिनांचीच बनलेली असतात. मांसही प्रथिनांचंच.

खाद्याच्या पिशवीवर "प्रथिने 20 टक्के" असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ, त्या खाद्याच्या दर 100 ग्रॅममध्ये 20 ग्रॅम प्रथिनं. पिल्लाचं पोट लहान असल्यामुळे हा आकडा महत्त्वाचा ठरतो. समजा एक पिल्लू दिवसाला 6 ग्रॅम खातं. मक्याच्या भरड्यात साधारण 9 टक्के प्रथिनं असतात, म्हणजे नुसत्या भरड्यातून त्याला अर्धा ग्रॅम मिळालं. 20 टक्क्यांच्या खाद्यातून 1.2 ग्रॅम मिळेल आणि 25 टक्क्यांच्या खाद्यातून दीड ग्रॅम. भरड्याचा ढीग समोर ओतला तरी पिल्लू तिप्पट खाऊ शकत नाही. ते पोटभर खाऊनही उपाशी राहतं. पंख लोंबतात, पाय वाकतात, आणि एखाद्या थंड रात्री ते मरून जातं. मग आपण म्हणतो, जात नाजूक आहे.

कोंबडीच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या चिक मॅशमध्ये 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. गिनीच्या पिल्लाला पहिले चार-पाच आठवडे 24 ते 26 टक्के लागतात. पुढे आठव्या आठवड्यापर्यंत 18 ते 20 टक्के पुरतात, आणि त्यानंतर 16 टक्के. टर्कीच्या पिल्लांचं खाद्य मिळालं तर ते सुरुवातीला उत्तम, पण तालुक्याच्या दुकानात ते क्वचितच असतं. म्हणून घरीच सांधा जुळवावा लागतो.

गणित सोपं आहे. चिक मॅश 20 टक्क्यांचं आहे असं धरा आणि सोया पेंड, दुकानदार जिला डीओसी म्हणतात, ती 45 टक्क्यांची. चार किलो मॅशमध्ये 800 ग्रॅम प्रथिनं झाली, एक किलो पेंडीत 450 ग्रॅम. मिळून 1250 ग्रॅम, आणि मिश्रण पाच किलोचं. म्हणजे बरोबर 25 टक्के. चारास एक, हे प्रमाण ध्यानात ठेवलं की झालं.

यात एक उणेपणा आहे. मॅशमध्ये कंपनीने मोजून घातलेले क्षार आणि जीवनसत्त्वं या मिश्रणात एक पंचमांशाने पातळ होतात, ती भरून काढायला पिल्लांसाठीचं क्षार-जीवनसत्त्वांचं मिश्रण पाकिटावरच्या मापाने घालावं लागतं. त्यापेक्षा ब्रॉयलरचं 23 टक्क्यांचं प्री-स्टार्टर, म्हणजे अगदी सुरुवातीचं खाद्य, मिळालं तर नऊ किलोला एक किलो पेंड पुरते. 2070 आणि 450 मिळून 2520 ग्रॅम, म्हणजे दहा किलोत 25 टक्क्यांच्या किंचित वर. पातळ होणंही कमी. मला हाच मार्ग बरा वाटतो, फक्त पिशवीवरचं लेबल आधी वाचायचं. त्याविषयी पुढे सांगणार आहेच.

नुसता मका आणि पेंड मिसळून घरगुती खाद्य करणारेही पुष्कळ आहेत. सात किलो भरडा आणि पाच किलो पेंड घेतली तर प्रथिनं 24 टक्के भरतात, पण हाडांना लागणारं कॅल्शियम-फॉस्फरस आणि जीवनसत्त्वं त्यात नाहीत. कागदावर गणित सुटतं आणि पिल्लाचे पाय वाकडे होतात. पहिल्या महिन्यात हा मार्ग धरू नये.

खर्च किती येतो? सहा आठवड्यांत एक पिल्लू ढोबळमानाने किलोभर खाद्य खातं. वीस पिल्लांना वीस किलो. पेंडीची ती जादा दोन-चार किलो वाचवायला जाऊन पिल्लं गमावणं कोणालाच परवडत नाही.

पूरक म्हणून उकडलेलं अंडं उत्तम. 50 ग्रॅमच्या अंड्यात सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात आणि ती पिल्लाला सहज पचतात. अंडं बारीक कुस्करून खाद्यावर भुरभुरायचं आणि दोन तासांत उरलेलं उचलायचं, नाहीतर आपल्या दमट हवेत ते नासतं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांकडे सुका जवळा असतो. मीठ न लावलेला, कडकडीत वाळवून कुटलेला जवळा चिमूटभर घातला तर सोया पेंडीत कमी असलेली मेथिओनिनसारखी प्रथिनांची घटकद्रव्यं त्यातून मिळतात. खारवलेली मासळी मात्र पिल्लांना अजिबात घालू नये, जास्तीचं मीठ त्यांना सोसत नाही.

अझोला या टाकीत वाढवायच्या पाणवनस्पतीविषयी हल्ली फार बोललं जातं. वाळवलेल्या अझोलात वीस-पंचवीस टक्के प्रथिनं असतात हे खरं. पण टाकीतून काढलेला ताजा अझोला नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतो. किलोभर ताज्या अझोलात कोरडा माल 60 ग्रॅम धरला तर प्रथिनं पंधरा ग्रॅमच्या आत. तीन महिन्यांच्या पक्ष्याला हिरवा चारा म्हणून तो छान आहे. आठ दिवसांच्या पिल्लाचं पोट त्याने भरणं म्हणजे त्याला पाणी पाजून उपाशी ठेवणं.

४. पहिले तीन दिवस

गिनीचं अंडं उबायला 26 ते 28 दिवस लागतात. कोंबडीच्या अंड्याला 21. बाहेर येण्याआधी अंड्यातला उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि पहिला दीड-दोन दिवस त्या शिदोरीवर ते जगू शकतं. म्हणूनच पिल्लं लांबून पेटीतून आणता येतात. पण जगू शकतं म्हणून थांबवायचं नसतं. शिदोरी संपायच्या आत पिल्लाला खाणं कुठे आहे हे कळलं पाहिजे.

पेटीतून काढल्यावर आधी पाणी, मग खाद्य. पाणी कोमट असावं. एकेका पिल्लाची चोच हलकेच पाण्यात बुडवायची, नाकपुडीपर्यंत जाऊ द्यायची नाही. भांडं उथळ बशीसारखं हवं आणि त्यात काचेच्या गोट्या किंवा धुतलेले खडे भरलेले हवेत, म्हणजे चोच पाण्याला पोचते पण अंग बुडत नाही. गिनीची पिल्लं एकमेकांवर चढत, घाबरत पळतात. उघड्या वाटीत पडून ती बुडतात, आणि नुसती भिजली तरी थंडीने मरतात. पहिल्या आठवड्यात इतकी पिल्लं पाण्यापायी जातात की आजारांची नावं पाठ करण्याआधी ही बशी नीट मांडायला शिकावं.

खाद्य मॅश किंवा क्रंबल, म्हणजे बारीक भरडा असावा. पेलेटच्या कांड्या त्यांच्या चोचीत मावत नाहीत आणि मोठे पक्षीही त्या नाखुशीने खातात. पहिले दोन दिवस भांड्याऐवजी गोणपाटाच्या तुकड्यावर खाद्य पसरायचं. गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरलं तर पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि तसेच राहतात. लाकडाचा भुसा सुरुवातीला नको, कारण दाणा आणि भुसा यांतला फरक पिल्लाला अजून कळत नसतो आणि ते भुशाने पोट भरतं.

बोटाने खाद्यावर टकटक करा. आई चोचीने टिपून दाखवते, त्याच्याशी ते मिळतंजुळतं असतं आणि पिल्लं धावून येतात. यापेक्षा सोपा उपाय म्हणजे त्याच वयाची कोंबडीची एक-दोन पिल्लं त्यांच्यात सोडणं. ती लगेच खायला लागतात आणि गिनीची पिल्लं त्यांचं पाहून शिकतात.

ऊब आणि खाणं एकमेकांपासून वेगळं काढता येत नाही. पहिल्या आठवड्यात बल्बखाली 35 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान हवं, मग दर आठवड्याला तीन अंशांनी उतरवत न्यायचं. गारठलेलं पिल्लू बल्बखालून हलतच नाही, त्यामुळे खातही नाही. पिल्लांचा गठ्ठा झाला तर बल्ब खाली आणा. सगळी कडेला जाऊन चोची उघडून धापा टाकत असतील तर वर घ्या. थर्मामीटरपेक्षा पिल्लांची ठेवण पाहावी.

आपल्याकडे हा पक्षी साधारण मार्च ते सप्टेंबर अंडी देतो, तेव्हा बरीचशी पिल्लं ऐन पावसाळ्यात निघतात. किड्यांची तेव्हा रेलचेल असते, पण गवत सतत ओलं. गिनीची मादी अंड्यांवर निष्ठेने बसते, मात्र निघालेली पिल्लं घेऊन पहाटेच दवातून लांबवर चालू लागते आणि मागे राहिलेल्यांसाठी थांबत नाही. आफ्रिकेच्या कोरड्या रानात ते निभतं, कोकणात आषाढात निभत नाही. म्हणून तिची अंडी खुडूक झालेल्या गावठी कोंबडीखाली ठेवण्याची रीत पडली आहे, आणि ती योग्यच आहे. दहा-बारा अंडी ती सहज उबवते. मात्र तिला स्वतःच्या अंड्यांपेक्षा आठवडाभर जास्त बसावं लागतं, तेव्हा दाणा-पाणी तिच्याजवळच ठेवा आणि बसवण्याआधी तिच्या अंगावरच्या उवा-पिसवांचा बंदोबस्त करा. पिल्लं निघाली की सहा आठवडे कोंबडी-पिल्लं कोरड्या, छपराखालच्या जागेत. गवतात नाही.

५. वाळवीचं मडकं

पश्चिम आफ्रिकेत, उत्तर घाना, बुर्किना फासो, टोगो या भागांत, गिनी कोंबडी घरोघर असते. तिथल्या गावात खाद्याची पिशवी मिळत नाही किंवा परवडत नाही. पिल्लांना प्रथिनं हवीत हे मात्र तिथल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांचं उत्तर आहे वाळवी.

एक मातीचं मडकं घ्यायचं. त्यात वाळलेलं शेण, ज्वारी-बाजरीच्या ताटांचे तुकडे, गवताचा चुरा असं तंतुमय काहीतरी भरायचं आणि पाणी शिंपडून ओलसर करायचं. वाळवीचं बीळ थोडं उकरून त्याच्या तोंडावर हे मडकं उपडं ठेवायचं. ऊन लागू नये म्हणून वर ओलं गवत किंवा पोतं. वाळवी आतल्या खाण्यावर चढते. दुसऱ्या दिवशी मडकं उचलून पिल्लांसमोर झटकायचं. काही मिनिटांत एक किडा उरत नाही. हे काम बहुधा घरातल्या मुलांकडे असतं.

या रीतीला फक्त मडकं आणि शेण लागतं, आणि वाळवीत प्रथिनांबरोबर चरबीही भरपूर असते. शिवाय हलणारा किडा पाहून बुजलेलं पिल्लूही टिपायला लागतं. आपल्या बांधांवर वाळवी काही कमी नाही, तेव्हा हे आपल्याकडेही करता येईल. दोन गोष्टी सांभाळायच्या. मोठ्या वारुळात हात घालायचा नाही, तिथे साप असू शकतो. आणि जिथे वाळवीवर औषध ओतलेलं आहे, त्या घराजवळची किंवा फळबागेतली वाळवी पिल्लांना द्यायची नाही.

६. लेबल आणि शेतातलं विष

ब्रॉयलरच्या खाद्यात बहुतेकदा रक्ती हगवणीला अटकाव करणारं औषध घातलेलं असतं. ते कोंबडीसाठी ठरवलेलं असतं, गिनीसाठी नाही. त्यातलं मोनेन्सिन हे औषध घोड्यांना जसं घातक, तसंच गिनी कोंबड्यांनाही. परदेशात या औषधाच्या लेबलवर दोघांचीही नावं घेऊन इशारा छापलेला असतो. तेव्हा पिशवीवर कोणतं औषध आहे ते वाचा. लिहिलेलं नसेल तर दुकानदाराकडून कंपनीला विचारून घ्या आणि मोनेन्सिनचं खाद्य परत करा. पिल्लांना रक्ती हगवण झालीच तर औषध आणि त्याचं माप पशुवैद्यकाने ठरवावं.

दुसरी चूक चांगल्या हेतूने होते. घरी अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी लेअर खाद्य असतं, तेच पिल्लांनाही घातलं जातं. त्यात कवचासाठी कॅल्शियम खूप जास्त असतं, पिल्लाला लागतं त्याच्या तिप्पट किंवा त्याहूनही अधिक. ते बाहेर टाकताना कोवळी मूत्रपिंडं निकामी होतात. अंड्याचा हंगाम जवळ येईपर्यंत लेअर खाद्य नाही.

शेंगदाण्याच्या पेंडीला आपल्याकडे मान आहे, आणि प्रथिनंही तिच्यात भरपूर. पण पेंड दमट जागी राहिली की तिच्यावर बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की मेल्या. कारण शोधता शोधता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतल्या बुरशीपर्यंत माग लागला आणि त्यातूनच हे विष जगाला माहीत झालं. मोठी गिनी कोंबडी हे विष इतर पक्ष्यांपेक्षा बरं सोसते, आणि हलकं खाद्य तिला चालतं अशी ख्याती त्यामुळेच पसरली. पिल्लाच्या बाबतीत हा धोका पत्करू नये. कुबट वास आलेली पेंड पिल्लांना नको.

तिसरं विष घरातच असतं. जूनमध्ये पेरणी होते आणि सोयाबीन, मका, ज्वारीचं थोडं बियाणं उरतं. त्याला थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं, म्हणून ते गुलाबी-लाल दिसतं. "वाया कशाला घालवायचं" म्हणून ते पक्ष्यांपुढे टाकलं जातं. थायरमने पिल्लांच्या पायांची हाडं बिघडतात आणि मोठे पक्षी मऊ कवचाची अंडी घालतात. धुऊनही ते बियाणं खाऊ घालू नये. ज्या वाफ्यात दाणेदार कीटकनाशक टाकलंय तिकडेही पक्षी जाऊ देऊ नयेत, कारण ते दाणे त्यांना बियांसारखेच दिसतात.

७. दात नाहीत, मग दळतं कोण?

पक्षी चावत नाही. गिळलेला दाणा आधी गळ्याशी असलेल्या पिशवीत भिजतो आणि मग पेठ्यात जातो. चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर मिळतो तोच हा पेठा. जाड स्नायूंचा हा अवयव म्हणजे पोटातलं जातं, आणि पक्ष्याने गिळलेले खडे म्हणजे त्याच्या पाळ्या. मोकळा चरणारा पक्षी खडे स्वतःच टिपतो. कोंडलेल्या पिल्लाला भरडा पचवायला खड्यांची गरज नसते, पण हिरवा पाला, किडे किंवा अखंड बाजरी सुरू केलीत की त्या दिवसापासून जाडसर धुतलेली वाळू वेगळ्या भांड्यात ठेवायची. खाद्यात मिसळायची नाही, लागेल तेवढी ते स्वतः घेतात.

हिरवा पाला दुसऱ्या आठवड्यापासून थोडा थोडा, बारीक चिरून: कोथिंबीर, शेवग्याचा पाला, लसूणघास. पालेभाजीची जुडी बांधून पिल्लांच्या उंचीवर टांगली तर ती ओरबाडत बसतात आणि एकमेकांची पिसं टोचत नाहीत.

८. संध्याकाळची बाजरी

गिनी कोंबडीला अखंड मक्याचा दाणा आवडत नाही, ती तो चाळून बाजूला टाकते. ज्वारी, गहू, राळा आणि विशेषतः बाजरी तिला प्रिय. संध्याकाळचं हे खाणं पोट भरण्यापेक्षा पक्षी घरी आणायला असतं. मोठा पक्षी झाडावर बसून रात्र काढायला पाहतो, आणि तिथे घुबड, उदमांजर त्याला उचलतात.

सवय पिल्लूपणातच लावावी लागते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून रोज एका ठरलेल्या वेळी पत्र्याच्या डब्यात बाजरी खुळखुळवायची आणि मग चिमूटभर टाकायची. एरवी बाजरी द्यायची नाही. आठव्या आठवड्यानंतर, पिसं पूर्ण आल्यावर आणि पाऊस उघडलेला असताना, पिल्लं संध्याकाळच्या शेवटच्या तासाला बाहेर सोडायची. दिवसभराच्या खाण्यात थोडी कसर ठेवायची म्हणजे डब्याचा आवाज त्यांना गोड लागतो. आधी अर्ध्यांनाच सोडलं तर आत राहिलेल्यांच्या ओरडण्याने बाहेरची परत येतात. मोठे पक्षी विकत आणले तर त्यांना निदान दोन-तीन आठवडे खुराड्यातच खायला घालायचं. आणल्या दिवशी सोडलेला पक्षी सहसा परत दिसत नाही.

९. अंड्यावर येणाऱ्या मादीचं खाणं

गिनीची मादी साधारण 230 ते 250 दिवसांची झाली की अंडी सुरू करते, आणि चांगल्या निगराणीत एका हंगामात शंभरच्या पुढे देते. अंडं 40 ग्रॅमच्या आसपास, कवच कोंबडीच्या अंड्यापेक्षा बरंच जाड. एवढं कवच फक्त चरण्यातून तयार होत नाही.

हंगाम मार्चमध्ये सुरू होतो असं धरलं तर फेब्रुवारीच्या सुरुवातीपासूनच सकाळी 16 टक्क्यांचं लेअर खाद्य सुरू करावं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवावा. उबवायची अंडी हवी असतील तर मादीबरोबर नरालाही हिरवा पाला आणि जीवनसत्त्वं मिळाली पाहिजेत. आई-बापांच्या खाण्यात जीवनसत्त्वं कमी पडली तर गर्भ अंड्यातच मरतो, किंवा निघालेलं पिल्लू पहिल्याच दिवशी पायांवर उभं राहू शकत नाही. मग बल्बखाली कितीही चांगलं खाद्य ठेवलं तरी उपयोग नसतो. खाद्य सकाळी खुराड्यातच द्यावं आणि दहा-अकरानंतर पक्षी बाहेर सोडावेत. बहुतेक माद्या तोवर आतच अंडी घालतात, आणि बांधावरच्या झुडपांत अंडी हुडकत फिरावं लागत नाही.